खाल्लं कोणी?

नागपूरच्या इतवारीत खाणं फक्त ताटातलं नसतं. किराणा ओळीत जुना काटा पोत्यामागे पावशेर खातो, दलाल मधले पैसे खातो, उधारी मागणारा डोकं खातो आणि उधारी बुडवणारा अख्खी रक्कम गिळून ढेकरही देत नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मुलगा गेला तर ‘सुनेनं खाल्ला’ म्हणणारी तोंडं जुन्या गल्ल्यांत अजून सापडतात. यातलं कुठलं खाणं दातांचं आणि कुठलं नुसतं जिभेचं, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. ऐकणारा परका असला, त्याच्या हातात वही असली आणि त्या वहीमागे सरकार उभं असलं, की घोटाळा होतो.

१८२० सालच्या मे महिन्यात प्रेंडरगास्ट नावाचा एक इंग्रज अधिकारी अमरकंटकच्या डोंगरात गेला. नर्मदा उगम पावते तो हा डोंगर, नागपूरपासून ईशान्येला. तिथल्या गोंडांची एक जमात माणसं खाते असं त्याच्या कानावर आलं होतं. सोबत मोहनसिंग नावाचा कायस्थ कारकून होता, हुशार आणि माहीतगार. दोघांनी बरीच खटपट करून जे हुडकून काढलं ते असं: या लोकांच्या वस्त्या आठ-दहा झोपड्यांच्या. गावात उतरतात ते अदलाबदलीपुरते, नाहीतर शिधा घ्यायला. परक्या माणसाला ते शिवत नाहीत. मात्र घरातलं कोणी फार आजारी पडलं, वाचायची आशा सरली, की त्याचा गळा कापायचा, भाऊबंद गोळा करायचे आणि त्याला खायचं. म्हातारं माणूस थकलं की त्याचीही तीच गत. यात त्यांना पाप वाटत नाही. उलट कालीमाता प्रसन्न होते, असा त्यांचा समज. एरवी माणसं साधी आहेत, हे लिहायलाही साहेब विसरला नाही. ही हकिगत पुढे १८३१ साली ‘ईस्ट इंडिया मॅगझिन’मध्ये छापून आली.

आता या हकिगतीत काय नाही ते बघू. असं जेवण आपण स्वतः पाहिलं, असं एक अक्षर नाही. असं जेवलेला माणूस भेटला, असंही नाही. फार त्रासानं कळलं, एवढंच आहे. कोणाकडून कळलं? डोंगरात बोलली जाणारी गोंडी, पायथ्याच्या गावातली बोली, कारकुनाची हिंदुस्थानी आणि साहेबाची इंग्रजी, अशा चार पायऱ्या उतरून ही बातमी कागदावर आली. मध्य भारतात टोनही, म्हणजे चेटकीण, माणसाचं काळीज खाते, देवी कोंबडा खाते, ताप पोराला खातो. ‘म्हाताऱ्याला घरच्यांनीच खाल्लं’ हे वाक्य पहिल्या पायरीवर काय होतं आणि चौथ्या पायरीवर काय झालं, याचा माझ्या मनात दाट संशय आहे. पुरावा माझ्याकडेही नाही. पण मी त्यावरून कोणाला नरभक्षक ठरवत नाही, एवढा फरक आहे.

सालाकडे लक्ष द्यायला हवं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि नागपूरचे आप्पासाहेब भोसले हरले. पुढच्याच वर्षी ते इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. तिथे हरईचा गोंड जमीनदार चैनशहा त्यांच्या पाठीशी राहिला. म्हणजे १८२० साली गोंड हे इंग्रजांच्या लेखी कालपरवाचे शत्रू होते आणि त्यांचा डोंगर अजून पुरता ताब्यात आलेला नव्हता. अशा वेळी त्या डोंगरातली माणसं आपल्या आईबापांना खातात ही बातमी कानाला गोडच लागणार.

आणि ही बातमी कोणाबद्दल? हे नागपूर वसवलं ते गोंडांनी. देवगडच्या बख्त बुलंदशहानं १७०२ च्या सुमारास बारा वस्त्या जोडून हे गाव उभं केलं. भोसले नंतरचे, इंग्रज त्याहून नंतरचे. महालात गोंड राजांचा किल्ला म्हणून जागा दाखवतात तिथून इतवारी चालत जाण्याइतकी जवळ आहे. ज्यांनी गाव वसवलं त्यांच्या जातभाईंना नरभक्षक म्हणणारा मजकूर पुढे ठळक झाला तो मात्र नागपुरातूनच कारभार चालणाऱ्या मध्य प्रांताच्या एका अधिकाऱ्यामुळे.

तो अधिकारी म्हणजे रॉबर्ट व्हेन रसेल. त्याच्या जोडीला कटनीचे रायबहादूर हिरालाल. दोघांनी मिळून मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ केला. तो १९१६ साली लंडनला मॅकमिलननं छापला. ग्रंथ अफाट आहे. आजही विदर्भातल्या कुठल्याही जातीवर लिहायचं तर तो उघडावाच लागतो, मीही उघडतो. गोंडांच्या प्रकरणात नरभक्षणाचा एक छोटा परिच्छेद आहे आणि त्यात प्रेंडरगास्टची हकिगत जशीच्या तशी उतरवली आहे. रसेल प्रामाणिक माणूस. ही माहिती केवळ ऐकीव आहे, रानटी समजल्या जाणाऱ्या लोकांबद्दल असल्या गोष्टी नेहमीच उठतात, असं तो लगेच सांगतो. इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण खरं असेल तर हा विधीचा भाग असावा, वडीलधाऱ्यांचे गुण आपल्यात यावेत म्हणून खात असतील, अशी उपपत्तीही तो पाठोपाठ जोडून देतो. अफवेला कारण मिळालं की ती अफवा वाटत नाही. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा रसेल हयात नव्हता. ३० डिसेंबर १९१५ रोजी ‘पर्शिया’ हे जहाज भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं बुडवलं, त्यात तो गेला. खोडायचं मनात असतं तरी ते राहून गेलं.

प्रेंडरगास्टची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती आधी कुठेतरी वाचल्यासारखी वाटली. कपाट उचकल्यावर सापडली, हेरोडोटसमध्ये. ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार हिंदुस्थानात कधी आला नाही. तो लिहितो की हिंदुस्थानाच्या पूर्वेला पदेई नावाचे लोक राहतात. त्यांच्यात कोणी आजारी पडलं की जवळचे मित्र त्याला मारून खातात, कारण दुखण्यानं मांस खराब होऊ द्यायचं नसतं. बिचारा आजारी माणूस मला काही झालेलं नाही म्हणून गयावया करतो, पण कोणी ऐकत नाही. बाई आजारी पडली तर बायका तिचं तेच करतात. म्हातारपणापर्यंत पोचतात थोडेच, आणि पोचले की त्यांचाही नंबर लागतो. पुढे तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो सुमात्रा बेटावरून गेला. तिथल्या एका राज्याबद्दल तो काय सांगतो? आजारी माणूस जगणार नाही असं मांत्रिकानं सांगितलं की नातेवाईक माणसं बोलावून त्याला गुदमरवतात, मग शिजवतात आणि खातात.

पदेई, सुमात्रा, अमरकंटक. तेवीसशे वर्षं, तीन ठिकाणं, गोष्ट एकच. आजारी, म्हातारा, नातेवाईक, जेवण. तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे हीच चाल निघाली, असं मानायला मी तयार आहे, पण सांगणारे तिघंही दुरून सांगणारे आहेत हे आधी मोजायला हवं. गोष्टीला पाय असतात. ती ज्या डोंगराशी पोचते तिथल्या माणसांची नावं लावून घेते.

‘कॅनिबल’ हा शब्दही असाच ऐकीव. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबस क्यूबाच्या किनाऱ्यावर होता. तिथल्या लोकांनी त्याला सांगितलं म्हणे की पलीकडच्या बेटांवर एका डोळ्याची आणि कुत्र्याच्या तोंडाची माणसं राहतात आणि ती माणसं खातात. त्या बेटांवरच्या कॅरिब लोकांच्या नावातून ‘कॅनिबल’ निघाला. एक डोळा आणि कुत्र्याचं तोंड पुढे कोणी मनावर घेतलं नाही, माणसं खाणं तेवढं घेतलं, कारण ते उपयोगी होतं. १५०३ साली स्पेनच्या इझाबेला राणीनं फर्मान काढलं की जे कॅनिबल असतील त्यांना पकडून गुलाम म्हणून विकायला हरकत नाही. मग काय, जिथे गुलाम हवे तिथले लोक माणसं खाऊ लागले.

१९७९ साली विल्यम अरेन्स या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं एक पुस्तक लिहून थेटच विचारलं: चालीरीत म्हणून माणूस खाणारा समाज कोणी विश्वासू माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे का? खळबळ उडाली. अरेन्स थोडा वाहवत गेला, असं माझं मत आहे. न्यू गिनीच्या डोंगरातले फोरे लोक मेलेल्या नातेवाइकांना खरंच खात. शोक म्हणून, माया म्हणून. खाणाऱ्यांत बायका आणि मुलं जास्त. त्यातून कुरू नावाचा मेंदूचा आजार पसरला. गेल्या शतकाच्या मध्यावर ती चाल बंद पडली आणि आजारही हळूहळू ओसरला. या आजारावरच्या संशोधनासाठी कार्लटन गायडुसेकला १९७६ साली नोबेल मिळालं. तेव्हा चाल म्हणून कधी कुठे असं घडलंच नाही, असं म्हणता येत नाही. पण तिथे आजार होता, तपासणी होती, स्वतः सांगणारी माणसं होती. अमरकंटकला यातलं काय होतं?

शिवाय खाण्याचा हिशेब मांडायचाच तर दोन्ही बाजूंचा मांडू. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातल्या औषधांच्या दुकानांत ‘मम्मी’ मिळे, म्हणजे इजिप्तमधल्या वाळलेल्या प्रेतांची पूड. मार लागला, रक्त साकळलं की ती पोटात घेत. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा माणसाच्या कवटीपासून काढलेला अर्क बाळगून असे आणि त्या अर्काला त्याच्याच नावानं ‘राजाचे थेंब’ म्हणत. त्याला कोणी नरभक्षक म्हटलेलं नाही. ते औषध होतं ना!

आपले लोकही काही कमी नव्हते. गोरा साहेब पोरं पळवतो, उलटी टांगतो, खाली जाळ लावतो आणि डोक्यातून ठिबकणाऱ्या तेलाचं ‘मोमियाई’ नावाचं औषध करतो, ही अफवा एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानभर होती. पूल बांधायचा तर पायात पोर घालतात, ही दुसरी. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरल्यावर गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत नेलेला माणूस परत येत नाही, आत त्याचं काहीतरी करतात, हा समज त्यामागे होता. म्हणजे साहेबाच्या वहीत गोंड माणसं खात होते आणि देशी चावडीवर साहेब. फरक एवढाच की चावडीवरचं बोलणं वाऱ्यावर गेलं आणि साहेबाची वही ग्रंथालयात राहिली.

१९३२ साली व्हेरियर एल्विन आणि त्याचा मराठी मित्र शामराव हिवाळे अमरकंटकच्या जवळ, मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. दोन दिवस चौकशी करून परतायला नव्हे, वर्षानुवर्षं राहायला. शाळा काढल्या, दवाखाना काढला, कुष्ठरोग्यांसाठी आसरा केला. शामरावांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर, म्हणजे गोंडांच्या भाटांवर, पुस्तक लिहिलं. एल्विननं तर बैगा, अगरिया, मारिया, मुरिया अशी एकेक जमात घेऊन हजारो पानं लिहिली. त्या पानांत भूक आहे, दारू आहे, खून आहेत, नाच आहेत, सावकार आहे. प्रेंडरगास्टची मेजवानी नाही. नागपुरात एल्विनचं नाव थोड्याफार लोकांना ठाऊक असतं, शामरावांचं त्याहून थोड्यांना. हा आपला जुना आजार, त्यावर पुन्हा कधीतरी.

गोंडांच्या स्वतःच्या कथेत मात्र माणूस खाणारा आहे. ही कथा लिहून ठेवली ती नागपूरच्याच एका पाद्र्यानं. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास इथे आला. त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतत होता. रात्री ओढ्याला पूर आला आणि तो घोड्यासकट वाहून गेला. (गोंडांवर लिहिणारे दोघे, दोघेही पाण्यात गेले. यातून कोणी काही अर्थ काढू नये.) त्याची कागदपत्रं रिचर्ड टेंपलनं १८६६ साली छापली. त्यात गोंडांचा आद्य गुरू लिंगो याची परधानांच्या तोंडून उतरवलेली कथा आहे.

कथेत चार भाऊ शिकार करून बसले आहेत, मांस आहे, विस्तव नाही. दूर एका शेतात धूर दिसतो. तिथे रिकाड गवाडी नावाचा म्हातारा राक्षस आगटीजवळ निजलेला असतो. धाकट्या भावाला विस्तव आणायला पाठवतात. तो हळूच कोलीत उचलतो, तेवढ्यात ठिणगी उडून म्हाताऱ्याच्या कमरेवर पडते. म्हातारा दचकून जागा होतो, समोर बघतो तर कोवळ्या काकडीसारखा पोरगा. बरेच दिवसांचा उपाशी तो, धावतो मागे. पोरगा कोलीत टाकून पळतो तो थेट भावांकडे. मग लिंगो निघतो. दुधीभोपळा, बांबू आणि केस एवढ्यावर तो एक तंतुवाद्य करतो, झाडावर चढतो आणि वाजवू लागतो. म्हातारा नाचायला लागतो. शेतात त्याची म्हातारी असते, तीही नाचायला लागते. दमून भागून दोघं विचारतात, कोण बाबा तू? मग मामा-भाच्याचं नातं जोडलं जातं आणि राक्षस आपल्या सात मुली त्या भावांना देऊन टाकतो.

राक्षसाला मारत नाहीत. नाचवतात आणि सोयरा करून घेतात. ज्यांना आपण नरभक्षक म्हटलं त्यांची नरभक्षकाशी वागायची रीत ही अशी.

खरोखर माणसानं माणूस खाल्ला त्याची जागा वेगळी आहे. त्यासाठी डोंगरात जायला नको, बाजारात जावं लागतं.

१६३० साली पाऊस पडला नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झालेला. दख्खन आणि गुजरात करपून गेले. शाहजहान तेव्हा निजामशाहीवरच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाला लागूनच. मुमताज महल वारली ती १६३१ साली तिथेच. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीनं ‘बादशाहनाम्या’त त्या दुष्काळाचं वर्णन केलं आहे. भाकरीच्या तुकड्यासाठी जीव विकायला काढला तरी घेणारा नव्हता. बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस विकलं जाई. मेलेल्यांची हाडं कुटून पिठात मिसळून विकत. ते उघडकीला आलं तेव्हा विकणाऱ्यांना शिक्षा झाली. शेवटी माणसं माणसांना खाऊ लागली आणि आईबापांना पोराच्या मायेपेक्षा पोराचं मांस प्रिय झालं, असं तो लिहितो. व्हान ट्विस्ट हा डच व्यापारी गुजरातेतलं असंच सांगतो. एकट्यानं वाट चालणाऱ्याला मारून खातील ही धास्ती होती, आणि एका गावी तर उघड्या बाजारात मांस विकायला होतं. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी त्याच वर्षी सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. त्यानं डोळ्यांनी पाहिलं ते असं: वाटेवर पडलेली प्रेतं, आणि वाटसरूंच्या घोड्याबैलांच्या शेणात न पचलेला दाणा शोधत बसलेली माणसं.

लाहोरीचंही ऐकीव नाही का, असं कोणी म्हणेल. असेल. पण तो डोंगरापलीकडच्या परक्यांबद्दल लिहीत नाही, आपल्याच धन्याच्या मुलखाची लाज लिहितो आहे. दरबारी लेखकाला ती लपवणं सोपं होतं. आणि पिठातल्या हाडांचा तपशील मला तरी सुचून सुचला नसता. ज्यानं उभ्या आयुष्यात धान्याच्या बाजाराचा वास घेतला आहे त्यालाच त्याचा अर्थ कळेल. तांदळात खडा, डाळीत खेसरी, मिरचीत विटेची भुकटी. भेसळ ही टंचाईची पहिली सावली. १६३१ साली ती हाडांपर्यंत गेली.

बादशहानं काय केलं, तेही लाहोरी सांगतो. बुऱ्हाणपुरात, अहमदाबादेत, सुरतेत लंगर उघडले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस आठवडे वाटले. सारा माफ केला तो सत्तर लाखांच्या घरात. त्याच सुमारास देहूत वाण्याचं दुकान चालवणारा एक तरुण महाजन पार बुडाला. त्याची पहिली बायको अन्न अन्न करत गेली, पाठोपाठ मुलगा गेला. त्यानं लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांपैकी आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडून दिले. तुकोबांचं हे चरित्र आपण संताचं म्हणून वाचतो. इतवारीत बसून वाचलं की आधी ते एका धान्याच्या व्यापाऱ्याचं वाटतं.

नागपूरकडेही भूक आलीच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत खरवडून काढला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या वाढायची ती घटली. नागपूरपर्यंत रेल्वे येऊन तीस वर्षं झाली होती. धान्य हलवता येत होतं, पण ज्याच्या गाठीला पैसा त्याच्याकडेच ते हलत होतं. डोंगरातला गोंड मोह आणि कंदमुळांवर जगला, किंवा जगला नाही. १९०१ ची या प्रांताची जनगणना ज्यानं केली, घटलेले आकडे ज्याच्या टेबलावरून गेले, तो अधिकारी रसेलच. आपल्या सरकारच्या राज्यात किती माणसं कमी झाली हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना कोणी खाल्लं, असा परिच्छेद मात्र चार खंडांत कुठे आला नाही.

मराठी घरात नरमांस शिरलं ते पोथीतून. श्रीधरानं १७१८ साली बारामतीला ‘शिवलीलामृत’ पूर्ण केलं. त्याच्या चौदाव्या अध्यायात श्रियाळ राजा आणि चांगुणेची कथा आहे. शिव बैराग्याच्या वेशात दारी येतो आणि नरमांस मागतो. तेही घरच्या एकुलत्या एका पोराचं, चिलया बाळाचं. आई स्वतः त्याला कापते. शिर तेवढं मागे ठेवते तर अतिथी म्हणतो, तेच मुख्य, तेच हवं. मग ती ते उखळात घालून कांडते, आणि डोळ्यातून पाणी काढायचं नाही, गात गात कांडायचं. हे आमच्याकडे श्रावणात मोठ्यानं वाचलं जाई. आजी पोथी वाचायची, तिच्यासमोर आम्ही पोरं. मुसळाचा भाग आला की मी तिच्या पदराखाली शिरायचो आणि ती वाचता वाचता दुसऱ्या हातानं मला बाहेर ओढायची. ‘आयक न बाप्पा, शेवटी येते ना तो पोरगा पयत!’ येतोच. निपुत्रिकाच्या घरी जेवत नाही, हाक मार मुलाला, असं अतिथी म्हणतो. चांगुणा हाक मारते आणि चिलया धावत येतो.

तमिळ मुलखात हीच कथा सिरुत्तोंडरची म्हणून आहे, ‘पेरियपुराणा’त, म्हणजे बाराव्या शतकातली. सिरुत्तोंडर आधी पल्लवांचा सेनापती होता, वातापीवर, म्हणजे आपल्या चालुक्यांच्या बदामीवर चालून आलेला. कथा दक्षिणेतून वर सरकली. पण महाराष्ट्रात तिला एक शेपूट चिकटलं ते इथलं आहे. लोकांत श्रियाळ हा राजा कमी आणि शेठ जास्त. १३९६ पासून बारा वर्षं पडला म्हणतात त्या दुर्गादेवीच्या दुष्काळात या शेठनं धान्याची कोठारं खुली केली. बहामनी सुलतानानं खूश होऊन माग म्हटलं तर त्यानं साडेतीन घटकांचं राज्य मागितलं. त्यावरून औट घटकेचा राजा हा शब्द आला. श्रावणात श्रियाळ षष्ठीला त्याची मातीची मूर्ती करून विसर्जन करत. म्हणजे एकाच नावाभोवती दोन गोष्टी आल्या. एकीत पोराचं मांस शिजतं, दुसरीत धान्याचं कोठार उघडतं. पंडित म्हणतील हा नावांचा गोंधळ आहे. असेल. पण दुष्काळातून गेलेल्या लोकांना हा गोंधळ सुचावा, यात मला फार शहाणपण दिसतं. कोठार उघडलं नाही तर उखळात काय पडतं, हे त्यांना ठाऊक होतं.

सिनेमानं हा सगळा मामला सोपा करून टाकला. हिंदी पडद्यावरचा ‘झिंगालाला’ आदिवासी, पिसं, भाला, मोठी कढई आणि तिच्याभोवती नाच. ती कढई इंग्रजी व्यंगचित्रातून आली, व्यंगचित्रात ती पाद्र्यांच्या हकिगतींतून आली. ते नाचणारे बघून इतवारीच्या टॉकीजमध्ये आपण शिट्ट्या वाजवल्या, आणि बाजूच्या खुर्चीवर कोणी उईके किंवा मडावी बसला असेल हे ध्यानातही आलं नाही.

इतवारीची स्वतःची राक्षसीण आहे, आणि तिला बनवताना आपण पाहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेहरू पुतळ्याजवळून काळी मारबत निघते. जागनाथ बुधवारीच्या बाजूनं तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी निघते. काळी १८८१ पासूनची सांगतात, पिवळी १८८५ पासूनची. कामट्या, कागद, रंग, आणि तो भला मोठा जबडा. काळी मारबत म्हणजे बाकाबाई, असं म्हातारे सांगतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची ही राणी. आधी संस्थान खालसा व्हायला विरोध करणारी, पण १८५७ मध्ये जमीनदारांना इंग्रजांशी इमान राखायला सांगणारी. तिनं केलं ते केलं. पण तीस वर्षांच्या आत एका राणीला दात फुटले, जीभ बाहेर आली आणि ती रोगराई पसरवणारी झाली. अमरकंटकच्या गोंडांचं काय झालं असेल ते समजायला एवढं उदाहरण मला पुरतं. फरक इतकाच की मारबत संध्याकाळी जाळून टाकतात. पुस्तक जळत नाही.

मिरवणुकीत बडगे, म्हणजे पुतळे, असतात. दर वर्षी नवे. कधी महागाईचा, कधी पैसे खाणाऱ्या पुढाऱ्याचा, कधी जमीन खाणाऱ्याचा. पोट पुढे, तोंड उघडं, हातात नोटांची पुडकी. ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी उठते तेव्हा शहीद चौकापासून भांड्यांच्या दुकानांपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. खोकला ने, ताप ने, डेंग्यू ने, खड्डे ने. गच्च्यांवर बाया, शटर अर्ध्यावर ओढलेली, पोह्यांच्या गाड्यावर तर्री संपत आलेली.

पिवळी मारबत म्हणजे पूतना मावशी, असं कोणी सांगतं. बाळांना विषाचं दूध पाजायला आलेली. आणि तिच्याच पायाशी बाया तान्ही मुलं आणून टेकवतात, पोरगं धडधाकट राहू दे म्हणून. गेल्या वर्षी माझ्यासमोर एका बाईनं पाच-सहा महिन्यांचं पोर असंच तिच्या पायावर ठेवलं. ढोल एवढे वाजत होते की पोर रडेल असं वाटलं. ते रडलं नाही. त्यानं मारबतीच्या लुगड्याचा पिवळा कागद मुठीत धरला, ओढून फाडला आणि तोंडात घातला. ‘अरे, खाल्ला पाहा त्यानं!’ म्हणत आईनं बोट घालून तो ओला गोळा बाहेर काढला आणि गर्दी पुढे सरकली.